टोरोंटो ते हॅलिफॅक्स: युद्धकाळातल्या हॉकीच्या वाटेनं

दिवस पहिला: टोरोंटो

कार्लटन स्ट्रीट आणि चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर पिवळसर विटांची एक अवाढव्य इमारत आहे. आत शिरलं की समोर भाज्यांचे ढीग, चीजचे गोळे आणि ताज्या पावाचा वास. भाची माझ्या पुढे झपझप चालत पंचविसाव्या रांगेत गेली आणि थांबली.

"मामा, खाली बघ."

फरशीवर एक लाल ठिपका होता. जेवणाच्या ताटाहून थोडा मोठा असेल. एक बाई ट्रॉली ढकलत त्याच्यावरून निघून गेली. मी बाजूला सरकलो आणि मग मुद्दाम त्या ठिपक्यावर जाऊन उभा राहिलो. हा मेपल लीफ गार्डन्सच्या बर्फाचा मध्यबिंदू. 1931 साली जेमतेम साडेपाच महिन्यांत बांधलेलं हे रिंक 1999 पर्यंत टोरोंटो मेपल लीफ्स या बर्फावरच्या हॉकीच्या संघाचं घर होतं. आता खाली किराणा दुकान आणि वरच्या मजल्यावर विद्यापीठाचं रिंक आहे.

मी खडकीत वाढलो. आमची हॉकी मातीवरची, लाल धूळ उडवणारी. बर्फावरची हॉकी मी पहिल्यांदा नीट पाहिली ती गेल्या वर्षी, भाचीकडे आलो तेव्हा. सामन्यापेक्षा जुन्या नोंदीच मला जास्त भुलवतात, म्हणून त्या वाचत बसलो आणि एका ओळीवर अडकलो. 27 नोव्हेंबर 1942: न्यूयॉर्क रेंजर्सनी बेब प्रॅट टोरोंटोला दिला, बदल्यात हँक गोल्डप आणि डडली गॅरेट घेतले. गॅरेटला सगळे 'रेड' म्हणत. टोरोंटोचाच मुलगा, तेव्हा अठरा वर्षांचा.

यातल्या प्रॅटचं पुढं सगळं छान झालं. 1944 साली हार्ट ट्रॉफी, म्हणजे हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू. आणि 22 एप्रिल 1945 ला डेट्रॉइटमध्ये अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात 1–1 बरोबरी असताना त्यानंच विजयी गोल मारला. लीगच्या अजिंक्यपदाचा चषक, स्टॅनले कप, टोरोंटोला आला. गॅरेटचं काय झालं ते शोधायला मी यंदा पुन्हा आलो, आणि भाचीनं आठ दिवसांची रजा टाकली.

दुपारी यंग स्ट्रीटवरच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेलो. 1885 सालची बँकेची इमारत, वर रंगीत काचेचा घुमट. गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनले यांनी 1892 साली विकत घेतलेला, या कपाचा मूळ चांदीचा वाडगा तळघरात नव्हे, पण बँकेच्या जुन्या तिजोरीच्या खोलीत ठेवलाय. जाडजूड पोलादी दार उघडं. तो इतका लहान असेल असं वाटलं नव्हतं. आपल्याकडच्या श्रीखंडाच्या पातेल्याएवढा.

युद्धकाळातली एनएचएल, म्हणजे हे सगळे संघ जिच्यात खेळत ती नॅशनल हॉकी लीग, समजायची तर 1942 चा शरद डोळ्यांसमोर आणायला हवा. ब्रुकलिन अमेरिकन्स हा संघ बंद पडला आणि सहाच उरले: टोरोंटो, मॉन्ट्रियल, बॉस्टन, न्यूयॉर्क, शिकागो, डेट्रॉइट. आज ज्यांना प्रेमानं 'मूळ सहा' म्हणतात ते हे. खरं तर युद्धानं उरवलेले सहा. तरुण खेळाडू एकामागून एक गणवेशात जात होते. लीग थांबवायची का, हा प्रश्न खराखुरा होता. सरकारचं मत पडलं की चालू राहू द्या, लोकांचं मनोधैर्य टिकेल. शनिवारी रात्री फॉस्टर ह्युइटचं रेडिओवरचं समालोचन घराघरांत ऐकलं जायचं आणि ते समुद्रापार तैनात असलेल्या कॅनडाच्या सैनिकांपर्यंतही पोचवलं जायचं.

पण खेळायला माणसं कुठून आणायची? बॉस्टननं बेप गिडोलिन नावाचा पोरगा उतरवला तेव्हा तो अजून सतरा वर्षांचाही झाला नव्हता. एनएचएलमधला सर्वांत लहान खेळाडू हा त्याचा विक्रम आजवर कुणी मोडलेला नाही. उलट टोकाला रेंजर्सचे प्रशिक्षक फ्रँक बाउचर: निवृत्त होऊन वर्षं लोटली होती, तरी 1943–44 मध्ये बेचाळिसाव्या वर्षी स्केट बांधून पुन्हा बर्फावर आले आणि 15 सामन्यांत गोल आणि सहाय्य मिळून 14 गुण मिळवले. त्या संघानं 50 पैकी 39 सामने हरले. गोली, म्हणजे गोलरक्षक, केन मॅकॉलीवर 310 गोल झाले, त्यातले 15 एकाच रात्री, 23 जानेवारी 1944 ला डेट्रॉइटमध्ये. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. पन्नासच्या पन्नास सामने तो उभा राहिला. तेव्हा गोलीच्या तोंडावर मुखवटा नसायचा, हे ध्यानात घ्या.

दिवस दुसरा: किचनर

युनियन स्टेशनवरून सकाळची गो ट्रेन धरली. हिरव्या-पांढऱ्या दुमजली डब्यात वरच्या मजल्यावर जागा मिळाली. दोन तासांत किचनर.

या गावाचं नाव 1916 पर्यंत बर्लिन होतं. जर्मन वंशाचे लोक इथं पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. पहिलं महायुद्ध पेटलं आणि हे नाव खुपायला लागलं. व्हिक्टोरिया पार्कमधल्या तळ्याकाठी आम्ही बाकावर बसून घरून आणलेले पराठे खाल्ले. 1914 च्या ऑगस्टमध्ये कैसर पहिल्या विल्हेल्मचा अर्धपुतळा उपटून याच तळ्यात फेकला होता. आता तिथं बदकं आणि एक आजोबा, नातवाला पाण्यात हात घालू न देणारे.

नवं नाव दिलं ते लॉर्ड किचनरचं, जो त्याच जूनमध्ये बोटीसकट समुद्रात बुडाला होता. आपल्याला हे नाव परकं नाही. तो हिंदुस्थानचा सरसेनापती होता, कर्झनशी त्याचा खटका उडाला आणि कर्झनला जावं लागलं. लष्करी स्टाफ कॉलेज त्यानंच सुरू केलं, तेही आधी आपल्या देवळालीत, 1905 साली. क्वेट्ट्याला ते नंतर गेलं. देवळाली कॅम्पात लहानपणी कितीदा गेलोय, आणि त्या माणसाच्या नावाच्या गावात कॅनडात बसून पराठा खातोय, हे भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, "मामा, तुला सगळीकडे खडकी-देवळालीच दिसते." दिसते खरी.

या परिसरातली तीन पोरं एकत्र खेळत मोठी झाली: मिल्ट श्मिट, वुडी ड्युमार्ट, बॉबी बाउअर. पुढं तिघंही बॉस्टन ब्रुइन्सच्या एकाच आघाडीच्या फळीत गेले. तिघांची मुळं जर्मन, म्हणून फळीला नाव पडलं 'क्राऊट लाइन'. क्राऊट म्हणजे जर्मनांना हिणवायचा शब्द, आंबवलेल्या कोबीवरून आलेला. 1939–40 मध्ये लीगच्या गुणतक्त्यात पहिले तीन हेच.

आणि मग 10 फेब्रुवारी 1942. तिघंही कॅनडाच्या हवाई दलात भरती झालेले, बॉस्टनमधला हा शेवटचा सामना, समोर मॉन्ट्रियल. ब्रुइन्स 8–1 नं जिंकले. सामना संपल्यावर दोन्ही संघांचे खेळाडू बर्फावर आले आणि त्यांनी तिघांना खांद्यावर उचलून घेतलं. नुकतेच ज्यांच्याकडून आठ गोल खाल्ले त्यांना खांद्यावर घेणारे ते मॉन्ट्रियलचे खेळाडू मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळचे वाटतात. हवाई दलाच्या संघाकडून खेळून तिघांनी त्याच वसंतात कॅनडातल्या हौशी संघांचा अ‍ॅलन कपही जिंकला. पुढं तिघंही सुखरूप परतले. श्मिट तर 98 वर्षं जगला.

गावाचं नाव बदललं, फळीचं नाव मात्र चिकटून राहिलं. ज्यांच्या आडनावांवरून त्यांना हिणवलं जायचं, त्यांनीच गणवेश चढवला.

दिवस तिसरा: रेल्वेत

टोरोंटो ते मॉन्ट्रियल, पाच तास आणि वर थोडे. उजवीकडे ऑन्टारिओ सरोवर दिसतं, लपतं, पुन्हा दिसतं. किंग्स्टन मागे पडलं की शेतं सुरू.

हा प्रवास रेल्वेनंच करायचा हे आधीच ठरवलं होतं, कारण युद्धकाळातल्या हंगामाची सगळी नाडी रेल्वेच्या हाती होती. सहाही संघ आगगाडीनं फिरायचे. सामना संपला की घामेजल्या अंगानं स्टेशन गाठायचं, रात्रभर बर्थवर, सकाळी दुसऱ्या शहरात. युद्धात गाड्या सैनिकांसाठी आणि दारूगोळ्यासाठी हव्या होत्या; हॉकीसाठी गाडी खोळंबून राहणं शक्यच नव्हतं. म्हणून 21 नोव्हेंबर 1942 ला लीगनं जादा वेळ रद्द केला. तोवर बरोबरी झाली की दहा मिनिटं आणखी खेळायचे. आता बरोबरी तर बरोबरी, चला गाडीकडे. साखळी सामन्यांत हा जादा वेळ परत आला तो 1983 साली. युद्ध संपून अडतीस वर्षं झाली होती!

हा नियम लागू झाल्यावर सहाच दिवसांनी गॅरेटची अदलाबदल झाली. तोही अशीच एखादी रात्रीची गाडी पकडून न्यूयॉर्कला गेला असणार, हे मी खिडकीबाहेर बघत मनाशी जुळवत होतो. रेंजर्सकडून तो 23 सामने खेळला. एक गोल, एक सहाय्य. मग नौदल.

त्याच हंगामात लीगचे अध्यक्ष फ्रँक काल्डरही गेले. 1917 मध्ये लीग स्थापन झाल्यापासून तेच अध्यक्ष. जानेवारी 1943 मध्ये बैठकीतच हृदयविकाराचा झटका आला आणि 4 फेब्रुवारीला मॉन्ट्रियलमध्ये त्यांचं निधन झालं.

दिवस चौथा: मॉन्ट्रियल

अ‍ॅटवॉटर मेट्रोतून वर आलं की समोरच फोरम. तेही आता रिंक राहिलेलं नाही. आत सिनेमागृह आणि दुकानं आहेत. मधल्या भागात जुन्या मध्यबिंदूची खूण आणि प्रेक्षकांच्या थोड्या बैठका राखून ठेवल्यात. तिथं बसलो. दोन मुलं सिनेमाची वेळ होईपर्यंत मोबाइलवर खेळत होती.

1943–44 मध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्सनी 50 पैकी फक्त पाच सामने गमावले, आणि साखळीत या फोरमवर एकही नाही. बाकीचे संघ पोखरले गेले असताना यांचा शाबूत कसा, हा प्रश्न तेव्हाही बोचरा होता. मॅनेजर टॉमी गॉर्मन यांनी खेळाडूंना युद्धसामग्रीच्या कारखान्यांत कामं मिळवून दिली होती. शिवाय सक्तीच्या भरतीवरून देश दुभंगलेला. एप्रिल 1942 च्या सार्वमतात देशानं सरकारला मोकळीक दिली, क्वेबेकनं मात्र प्रचंड बहुमतानं 'नाही' म्हटलं. फ्रेंच भाषकांना हे युद्ध इंग्रजांचं वाटत होतं. हिंदुस्थानात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जे घडलं ते आठवलं तर ही भावना समजायला आपल्याला जड जाऊ नये.

कॅनेडियन्सच्याच मोरिस रिशारकडे बोट दाखवणारे मात्र अन्याय करतात, असं माझं स्पष्ट मत आहे. तो भरती व्हायला गेला होता, एकदा नव्हे, दोनदा. घोटा, मनगट, मांडीचं हाड मोडून नीट न जुळलेलं. सैन्यानं परत पाठवलं. 28 डिसेंबर 1944 ला त्यानं दिवसभर घर बदलण्याची हमाली केली, संध्याकाळी इथं येऊन डेट्रॉइटविरुद्ध पाच गोल मारले आणि तीन गोलांना हातभार लावला. 18 मार्च 1945, हंगामाचा शेवटचा सामना, बॉस्टन, संपायला दोन-सव्वादोन मिनिटं बाकी: पन्नासावा गोल. 50 सामन्यांत 50.

लगेच कुजबूज सुरू झाली, की चांगले गोली तर युद्धावर होते. ठीक आहे, होते. मग शांततेच्या काळात पन्नास सामन्यांत पन्नास गोल दुसऱ्या कुणी कधी केले? माइक बॉसीनं, 1981 च्या जानेवारीत. मध्ये छत्तीस वर्षं गेली. आणि रिशारनं स्वतः सगळे परतल्यावर 1946–47 मध्ये 45 गोल करून हार्ट ट्रॉफी घेतली. मे 2000 मध्ये तो गेला तेव्हा नोत्र-दाम बॅसिलिकात त्याचा अंत्यविधी सरकारी इतमामात झाला.

संध्याकाळी त्या बॅसिलिकासमोरच्या चौकात बसून होतो. घोडागाड्या आता बंद झाल्यात असं भाचीनं सांगितलं. फार बोललो नाही दोघंही.

दिवस पाचवा आणि सहावा: 'ओशन'

मॉन्ट्रियलहून हॅलिफॅक्सला जाणाऱ्या गाडीचं नावच 'ओशन'. 1,346 किलोमीटर, जवळपास बावीस तास. संध्याकाळी निघालो. सेंट लॉरेन्स नदी अंधारात राहिली. सकाळी जाग आली तेव्हा मातापेदियाच्या खोऱ्यात होतो, पाण्यावर धुकं आणि दोन्ही काठांना लालपिवळी होऊ लागलेली झाडं. चहा कागदी पेल्यात, तरी बरा होता.

दुसऱ्या महायुद्धात युरोपला जाणारे कॅनडाचे सैनिक याच मार्गानं हॅलिफॅक्सच्या धक्क्यावर पोचायचे.

मी वहीत दोन नावं लिहिली. एनएचएलमध्ये खेळलेले आणि त्या युद्धात मेलेले दोघे. एक जो टर्नर, डेट्रॉइटचा गोली, फेब्रुवारी 1942 मध्ये एकच सामना खेळला, तोही अनिर्णित. अमेरिकी सैन्यातून लढताना जर्मनीतल्या हुर्टगेनच्या जंगलात पडला. त्याच्या नावानं पुढं इंटरनॅशनल हॉकी लीगचा टर्नर कप निघाला. दुसरा गॅरेट. अमेरिकन हॉकी लीगमधल्या सर्वोत्तम नवोदिताला अजून दर वर्षी त्याच्या नावाचा पुरस्कार मिळतो.

दुपारी गाडी न्यू ब्रन्सविकमधल्या एका छोट्या स्टेशनावर थांबली. फलाटावर पाटी: सॅकव्हिल. पलीकडे नजर पोचेल तिथवर दलदलीचं गवत. भाचीनं फोटो काढला. "उद्या याच नावाच्या बोटीवर जायचंय," मी म्हणालो.

दिवस सातवा: हॅलिफॅक्स

वारा असा की टोपी हातातच धरावी लागली. बंदराच्या कडेनं लाकडी फळ्यांचा रस्ता आहे. सागरी संग्रहालयाजवळ धक्क्याला एचएमसीएस सॅकव्हिल ही कॅनडाच्या नौदलाची जुनी युद्धनौका बांधलेली. पांढऱ्या, निळसर, हिरवट पट्ट्यांचा रंग, समुद्रात चटकन नजरेला पडू नये म्हणून दिलेला.

फ्लॉवर वर्गातल्या कॉर्व्हेट जातीच्या दोनशेहून अधिक छोट्या युद्धनौका बांधल्या गेल्या. आज जगात उरलीय ती ही एकच. ब्रिटिशांनी त्यांना फुलांची नावं दिली, कॅनडानं आपल्या गावांची. सॅकव्हिल हे एक गाव, शॉविनिगन हे दुसरं. गॅरेट होता एचएमसीएस शॉविनिगनवर. तिच्याच वर्गातली म्हणून ही पाहायची.

लांबी बासष्ट मीटर. पुढं चार इंची तोफ, मागं पाणबुड्यांवर टाकायच्या स्फोटकांची पिंपं रुळांवर लावलेली. एकच पंखा, वाफेचं इंजिन, वेग सोळा नॉट, म्हणजे ताशी साधारण तीस किलोमीटर. पाण्यावर आलेली जर्मन पाणबुडी हिच्याहून जोरात पळायची. खलाशी म्हणत, ही बोट दवाच्या गवतावरसुद्धा डोलेल.

आम्हाला खाली घेऊन गेले ते सत्तरीचे एक निवृत्त नौसैनिक. बोट 1944 सालच्या रूपात परत उभी केलीय, त्यांनी सांगितलं. शिडी इतकी उभी की पाठ करून उतरावं लागतं. खाली नाळेकडच्या भागात खलाशांची राहण्याची जागा: लांबट टेबलं, बाक आणि डोक्यावर छताला लोखंडी आकडे. या आकड्यांत झोळ्या टांगायच्या. ज्या टेबलावर जेवायचं त्याच्याच वर निजायचं. मी दोन आकड्यांमधलं अंतर वितीनं मोजलं. अडीच विती. शेजारच्याचा कोपर आपल्या बरगडीला लागणार. लाटेचं पाणी आत यायचं, कपडे आठवडाभर वाळायचे नाहीत. ऐंशीहून जास्त माणसं.

गृहस्थांनी विचारलं, आमचं कुणी नौदलात होतं का. मी गॅरेटचं नाव घेतलं. शॉविनिगन म्हटल्यावर ते खाली बसले आणि सांगू लागले.

नोव्हेंबर 1944. नोव्हा स्कॉशियाच्या सिडनीहून न्यूफाउंडलंडच्या पोर्ट-ओ-बास्कला प्रवासी फेरी जायची. 1942 साली 'कॅरिबू' ही फेरी पाणबुडीनं बुडवली होती, सव्वाशेहून अधिक माणसं गेली होती. तेव्हापासून फेरीला युद्धनौकेची सोबत असे. 24 तारखेला शॉविनिगननं 'बर्जिओ' फेरीला पलीकडे सुखरूप पोचवलं आणि रात्री कॅबट सामुद्रधुनीत गस्तीला गेली. सकाळी भेटून तिला परत न्यायचं होतं. रात्री यू-1228 पाणबुडीनं टॉर्पेडो सोडला, पंख्याच्या आवाजामागे जाणारा. सकाळी फेरी आली, युद्धनौका दिसली नाही. रेडिओ बंद ठेवायचा हुकूम होता. फेरीनं कुणाला काही न कळवता एकटीनंच परतीची वाट धरली आणि ती सिडनीला पोचेपर्यंत बंदरावर कुणाला पत्ताच नव्हता. 91 जण. एकही वाचला नाही.

गॅरेट वीस वर्षांचा होता.

मी हिशेब केला. त्या रात्रीपासून प्रॅटच्या गोलापर्यंत पाच महिन्यांना दोन-तीन दिवस कमी. टोरोंटोनं जो मुलगा देऊन प्रॅट घेतला, तो टोरोंटोचाच मुलगा डेट्रॉइटमधल्या त्या रात्री समुद्राच्या तळाशी होता. नोंदवहीत ती अदलाबदल अजून एकाच ओळीत आहे, दोघांची नावं शेजारी शेजारी. खडकीच्या युद्धस्मशानात लहानपणी आम्ही चेंडू शोधायला शिरायचो तेव्हा दगडांवरची वयं वाचायचो: 19, 20, 22. तेव्हा ते सगळे मला मोठे काका वाटायचे.

भाचीनं हात वर करून एका आकड्याला बोट लावलं. पांढऱ्या रंगाचे इतके थर चढलेत की लोखंडाचा कोपरा गोल झालाय.

"मामा, तो स्केट घेऊन आला असेल का रे इथं?"

गृहस्थांना मी प्रश्न सांगितला. ते उठले, बाकाच्या खालचा एक छोटा कप्पा उघडून दाखवला. एवढी जागा मिळायची, म्हणाले, प्रत्येकाला. भाची वाकली, आत हात घालून मागच्या फळीपर्यंत नेला आणि आपल्या बुटाशी लांबी ताडून बघितली.

"मावतात," ती म्हणाली.